बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी

रेल्वे लाइन्स, सोलापूर
मंगळवार, ३ सप्टेंबर २०२४

प्रिय उत्कर्षा,

सप्रेम सलाम.

अक्षर ओळखून हे पत्र फाडलं नसशील, तर आधी एवढंच वाच. खाली जो मोबाइल नंबर लिहिला आहे तो माझा नाही, माझ्या सुनेचा आहे. तिला फोन कर. माझ्याशी बोलू नकोस, माझं नावही घेऊ नकोस. पण येत्या आठ-नऊ दिवसांत कर. नंतर केलेल्याचा काही उपयोग नाही.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस हे मला ठाऊक आहे. नाशिकचा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस.

अमृतच्या लग्नाची पत्रिका तुला पाठवली नव्हती. तीन वर्षं झाली. मुलगी मंगळवेढ्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. संस्कृती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अमृत ज्या टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, तिथे ती पॅकिंगला होती. लग्नाआधी तिनं बाप्तिस्मा घेतला. मी सांगितलं म्हणून नाही, स्वतःहून. तिच्या माहेरच्यांनी वर्षभर तोंड पाहिलं नाही, तरी ही दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर. आता महिला संघातल्या बायका माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात.

तिला दिवस गेलेत. काल सोनोग्राफी होती. मी आत होते. डॉक्टर मॅडमनी स्क्रीन जरा आपल्याकडे वळवली आणि बोलायच्या थांबल्या, तेव्हाच मला कळलं. तेहतीस वर्षं नर्स होते मी. बाळाला कवटी नाही. मेंदूवर झाकणच तयार झालेलं नाही. तुझ्या वेळी जे होतं तेच, उत्कर्षा. जन्मलं तर तासभर, फार तर दिवसभर.

मॅडमनी नीट समजावून सांगितलं. आज बावीस आठवडे चार दिवस. चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. त्यापुढे मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं, त्यात दिवस जातात, आणि जितके दिवस जातील तितका तिच्या जिवाला त्रास. आणि म्हणाल्या, "संमती फक्त हिची लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही."

सासूची नाही म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं कुणास ठाऊक. माझ्या गळ्यात क्रूस होता म्हणून असेल.

येताना सात रस्ता चौकात रिक्षा अडकली. तिथे संस्कृती म्हणाली, "आई, त्ये जगणार न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "नाही बाळा."

"आन मी आत्ताच मोकळी झाले तर मला काय म्हणतील?"

काय म्हणतील ते तिला मीच शिकवलं आहे.

फेब्रुवारीत आपल्या देवळात एक निवेदन आलं होतं. बाहेरच्या एका ख्रिस्ती संघटनेनं काढलेलं. सरकारनं गर्भपाताची मुदत वीस आठवड्यांवरून चोवीसवर नेली ती परत खाली आणा, आणि बाळात व्यंग आहे या कारणानं तर परवानगी देऊच नका, असं त्यात लिहिलेलं. महिला संघाची सेक्रेटरी म्हणून मी ते घरोघर नेलं. बासष्ट सह्या झाल्या. पहिली माझी. तिसरी संस्कृतीची. कागद अजून पाळकसाहेबांकडे आहे, या महिन्यात पुढे जायचा आहे.

कालपासून ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. अमृत सांगून थकला. एकच म्हणते, "माझीच सही हाय त्या कागदावर. आता मीच कशी जाऊ?" पोटात हललं की ओढणीचं टोक दातात धरते.

तिला तुझ्याबद्दल थोडं ठाऊक आहे. तू फोन केलास तर ती उचलेल. या वाटेनं जाऊन आलेलं माणूस आमच्या ओळखीत तूच आहेस.

तुझी,
अक्का

* * *

सोलापूर
शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४

प्रिय उत्कर्षा,

सप्रेम सलाम.

स्पीड पोस्टाच्या पावतीवरून पाहिलं, पत्र काल पोचलं आहे. फोन आला नाही. तू करणार नाहीस असं धरून मी हे लिहीत नाही. पहिल्या पत्रात मी जे लपवलं, त्यामुळे तू थांबली असशील असं धरून लिहिते आहे.

तिला तुझ्याबद्दल थोडं ठाऊक आहे, असं मी लिहिलं. थोडं नाही. दोन वर्षांपूर्वी महिला संघाच्या सभेत मी तुझी गोष्ट सांगितली होती. नाव घेतलं नाही, पण आपल्या मंडळीत चाळीस घरं, न कळायला काय झालं. एका बहिणीनं कायद्याचा आधार घेतला आणि देवाचा आधार सोडला, असं म्हणाले. ती प्रभुभोजनापासून दूर ठेवली गेली आणि शेवटी मंडळीच सोडून गेली, असं म्हणाले. बायका रडल्या. संस्कृती तेव्हा नवी होती, तीही रडली. तेच वाक्य आता तिच्या उशाशी येऊन बसलं आहे.

दुसरं. दहाव्या आठवड्यात पहिल्यांदा दवाखान्यात नाव घातलं, तेव्हा डॉक्टर मॅडमनी विचारलं होतं, "घरात कुणाच्या बाळाला जन्मतः काही दोष होता का? माहेरी, सासरी, मावशी, आत्या?" संस्कृतीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही."

हो म्हटलं असतं तर त्यांनी तेराव्या आठवड्यात नीट तपासलं असतं. तेव्हाच दिसलं असतं. पोट दिसायच्या आत, पाय हलायच्या आत. पण हो म्हणायला तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि इतकी वर्षं घरात तुझं नाव न घेण्याची मला सवय झाली होती. पाचव्या महिन्याची सोनोग्राफीही मीच पुढे ढकलली. म्हटलं, एवढ्या तपासण्या कशाला, देव बघेल. खरं सांगू? मला भीती वाटत होती. कशाची, ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

अमृतला हे अजून माहीत नाही. संस्कृतीला माहीत आहे, ती तिथेच होती. एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

काल संध्याकाळी पाळकसाहेब येऊन गेले. रेव्हरंड अभिमन्यू साळवे, तू गेल्यानंतरचे. पस्तिशीचे आहेत, दीड वर्षापूर्वी इथे आले. मी त्यांना विचारलं, आपल्या मंडळीचं यावर नक्की म्हणणं काय आहे.

म्हणाले, "बाई, आपल्यात रोमसारखा वरून हुकूम येत नाही. गोऱ्या साहेबांनी हे देऊळ बांधलं तेव्हापासून आपली परंपरा अँग्लिकन. नंतर सगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एक झाल्या तरी वळण तेच. शास्त्र वाचायचं, पूर्वजांचं ऐकायचं, आणि देवानं दिलेली बुद्धी वापरायची. जीव देवाचा आहे, तो सहज घ्यायचा नाही, हे पक्कं. पण जिथे बाळाला वाचवताच येत नाही तिथे आईला वाचवणं हेही देवाचंच काम, असं मी मानतो. कायदा ती जागा ठेवतो, तर मी ती बुजवायला जाणार नाही."

मी म्हटलं, "मग हे रविवारी मंडळीसमोर सांगा."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "कमिटीत नऊजण आहेत, बाई. त्या निवेदनावर सातांच्या सह्या आहेत."

तेवढ्यात संस्कृती आतून आली. चार दिवसांत पहिल्यांदा उठून बाहेर आली. भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "पाळकसाहेब, मी गेले तर मागनं मला प्रभुभोजन द्याल का?"

"देईन," ते म्हणाले.

"मग मावशीला का न्हाय दिलं?"

त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कप उचलून आत गेले.

आता तुला सांगते. तुझी बातमी दवाखान्यातून फुटली असं मी तेव्हा म्हणाले होते. तू त्या वॉर्डातल्या आयाबाईवर संशय घेतलास. आयाबाई नव्हती. मी होते. तेव्हाच्या पाळकांच्या घरी जाऊन मी सांगितलं, तू घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी.

तू विचारशील, का? त्या खोलीत तुझा हात मी धरला होता. पाच तास. तेहतीस वर्षांच्या नोकरीत अशा कामाला मी कधी उभी राहिले नव्हते, माझ्या विवेकाला पटत नाही असं लिहून दिलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. तुझ्यासाठी उभी राहिले. घरी आल्यावर मला वाटायला लागलं की मीही त्यात आले. कुणाला कळण्याआधी आपणच जाऊन सांगितलं तर आपण वेगळे ठरू. म्हणून तुझं नाव दिलं. माझा हात सांगितला नाही. वर्षभर तुला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस मिळाला नाही, आणि मी दर रविवारी तुझ्यासमोरून वेदीपाशी जाऊन घेत होते.

उद्या गणपती बसतील. कोपऱ्यावर मांडव घालताहेत, सकाळपासून स्पीकर चालू आहे. संस्कृतीच्या खोलीची खिडकी मी लावून घेतली आहे. सहा दिवस राहिले.

तिला फोन कर. माझ्यावर जे काय आहे ते माझ्यावर राहू दे.

अक्का

* * *

सोलापूर
रविवार, ८ सप्टेंबर २०२४

उत्कर्षा,

आज उपासनेनंतर मी उभी राहिले. आधी ठरवलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी जाहीर केलं की निवेदन उद्या पाठवायचं आहे, कुणाची सही राहिली असेल तर करावी. त्यांचा आवाज पडलेला होता. मी म्हटलं, "माझी सही काढून घ्यायची आहे."

मी सांगितलं, माझ्या घरात असं असं आहे. बाळाला कवटी नाही. हे निवेदन मंजूर झालं असतं, तर माझ्या सुनेला नऊ महिने ते पोटात वागवून मग पुरावं लागलं असतं. सही करताना मी असा विचार केला नव्हता. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून सही केली, त्यांनी माझ्या सांगण्यावरून परत विचार करावा.

गिरिजाबाई उठल्या. तुला आठवतील, त्यांचा मुलगा मतिमंद आहे, आता अठ्ठावीस वर्षांचा. मला वाटलं त्या ओरडतील. त्या शांतपणे बोलल्या. "महानंदाबाई, तुमच्या सुनेसाठी मी रोज प्रार्थना करीन. पण सही काढणार नाही. आज डोकं नाही म्हणून पाडतील, उद्या माझ्या लेकरासारखं आहे म्हणून. मी गरोदर असताना हे तपासायची सोय असती, तर घरच्यांनी मला सोडलं असतं का? याच जिल्ह्यात मुली पोटात मारल्यात लोकांनी, कायदा असताना. दार जरा उघडलं की लोक आख्खं उघडतात."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर माझीही सही राहिली असती.

मग मागच्या बाकावरून काठीचा आवाज आला. मायाप्पाकाका. शहाऐंशी वर्षांचे आहेत आता, अक्कलकोटच्या पलीकडचे, रेल्वेत फिटर होते. देवळाचे सगळ्यात जुने सभासद. त्यांनी त्या कागदावर सही केली नव्हती, आणि मी समजले होते की डोळ्यांना दिसत नाही म्हणून.

ते म्हणाले, "मी सही केली न्हाई. का केली न्हाई ते आता सांगतो. माझी सावित्रम्मा एकोणसत्तर साली गेली. तुमी समदे म्हणता टायफाइडनं गेली. मीच तसं सांगितलं व्हतं. ती टायफाइडनं गेली न्हाई."

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"चार लेकरं व्हती. पाचवं राहिलं. तिचं हार्ट कमजोर. डॉक्टरीण म्हनली, मायाप्पा, हे बाळतपण तिला झेपायचं न्हाई, पर मी काय करू, कायद्याची भीती वाटतीया. तवा हा कायदा नव्हता. मी पाळकाकडं गेलो. ते म्हनले, देवावर इश्वास ठेव. ठेवला. आन मग एका म्हातारीकडं घेऊन गेलो, काडी घालून पोट पाडणारी. चार दिवसांत गेली बगा. मी पाळकाला टायफाइड सांगितला, म्हून तिला देवळातनं नेली, घंटा वाजवून, समदी प्रार्थना करून. खरं सांगितलं असतं तर नेली असती का? पंचावन्न वर्सं मी ह्या देवळात खोटं घेऊन बसतोय." मग म्हणाले, "कायदा चांगला का वाईट मला कळत न्हाई. पर कायदा नव्हता तवा काय व्हतं, ते मला ठाव हाय."

ते खाली बसले. काठी पडली. गिरिजाबाईंनी जाऊन ती उचलून त्यांच्या हातात दिली.

निवेदन उद्या जाणार नाही. फाडलंही नाही. पाळकसाहेबांनी कपाटात ठेवलं आणि म्हणाले, ज्याला नाव खोडायचं त्यानं खोडावं, ज्याला ठेवायचं त्यानं ठेवावं, कुणी कुणाला विचारू नये. मी माझं खोडलं. दुपारपर्यंत आणखी अकराजणांनी खोडलं.

घरी येऊन मी संस्कृतीला सगळं सांगितलं. मला वाटलं आता ती तयार होईल. ती म्हणाली, "आई, तुमी आज एक सांगता, सालभर दुसरं सांगत व्हता. मी कुटलं खरं धरू?" आणि परत भिंतीकडे वळली.

चार दिवस राहिले. माझं बोलणं आता तिला लागत नाही. लागू नये असंच मी वागले आहे.

एक गोष्ट उरली आहे. ती सांगून तुझ्याकडून काही मागायचं नाही. मायाप्पाकाका बोलल्यावर माझ्या पोटात ती राहीना.

नऊ वर्षांपूर्वी तू देवळाच्या पायरीवर उभं राहून पाळकांना म्हणाली होतीस, "ते मूल होतं म्हणून मी खुनी. आणि बाप्तिस्मा नाही म्हणून त्याला प्रार्थना नाही, माती नाही. दोन्हीतलं एक तरी ठरवा." पाळकांनी पुस्तक उघडून दाखवलं, बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी हा विधी वाचू नये, असा नियम छापलेला. मी फाटकापाशी उभी होते. तुझं म्हणणं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी पुढे आले नाही.

मी तुला सांगितलं होतं की दवाखान्यानं त्यांच्या नियमानं विल्हेवाट लावली. ते खरं नाही. मी ओळखीनं मागून घेतलं. माझ्या पांढऱ्या सुती साडीत गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आपल्या कबरस्थानात नेलं, आणि मागच्या भिंतीलगत, आपल्या आईच्या कबरीपासून सात पावलांवर, स्वतःच्या हातानं पुरलं. वर काही खूण नाही. प्रार्थना मला आठवत होती ती म्हटली, पुस्तक न उघडता.

तुला सांगितलं असतं तर तू परत पाळकांकडे गेली असतीस, आणि माझं नाव निघालं असतं. म्हणून नऊ वर्षं तुझं मूल कुठे आहे ते तुला कळू दिलं नाही.

मुलगी होती, उत्कर्षा. केस होते मानेवर, थोडेसे, काळे.

सोमवारी सकाळी पोस्ट उघडताच हे टाकते.

अक्का

* * *

सोलापूर
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

प्रिय उत्कर्षा,

सप्रेम सलाम.

तू बुधवारी सकाळी फोन केलास. तेवीस आठवडे पाच दिवस झाले होते. मी स्वयंपाकघरात होते. संस्कृतीचा फोन वाजला, तिनं उचलला, आणि दार लावून घेतलं. मी दाराला कान लावला नाही. एवढं तरी मी शिकले.

पाऊण तासानं ती बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण उभी सरळ होती. अमृतला म्हणाली, "गाडी काढा." मी पिशवी भरायला लागले तर माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुमी बी चला."

मी म्हटलं, "मी नको. अमृत आहे."

"मावशीनं सांगितलंय," ती म्हणाली. "म्हणल्या, अक्काचा हात चांगला हाय, त्यो धर. तिच्या तोंडाकडं लक्ष देऊ नको."

मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या. इतक्या वर्षांत तुझ्याकडून आलेला पहिला निरोप होता तो.

दोन डॉक्टरांनी दुपारी तपासून कागद केले. सही संस्कृतीनं केली, तिचं अक्षर गोल आहे, शाळेतल्यासारखं. गुरुवारी दुपारी ती मोकळी झाली. अकरा तास. तोंड मी उघडलं नाही, तू सांगितलंस तसं. तिनं माझा हात इतका आवळला की अजून मनगट दुखतंय. एकदाच म्हणाली, "आई, मी वाईट हाय का ओ?" मी मान हलवली. नाही. तेवढंच.

मुलगा होता. तिनं पाहायचं म्हटलं. मॅडमनी डोक्यावर टोपी घालून दिला. अमृतनं कारखान्यातून नवा टॉवेल आणला होता, रंग न चढवलेला, मऊ. त्यातच गुंडाळला. तिनं त्याचे पाय धरून पाहिले. पाय अगदी नीट होते.

अमृतला मी त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं, पहिल्या दिवशी मी डॉक्टरांना नाही म्हणाले होते ते. तो म्हणाला, "आई, मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाही." अजून बोलत नाही. ताटावर बसतो, उठतो.

शुक्रवारी सकाळी कबरस्थानात गेलो. पाळकसाहेब झगा घालून आले होते. मी त्यांना विचारलं, नियमाचं काय करणार. ते म्हणाले, "नियम आहे, आणि मी तो मोडतो आहे. बिशपसाहेबांना तसं पत्र लिहिलं आहे. बोलावलं तर जाऊन सांगेन." त्यांनी पूर्ण विधी वाचला, एक ओळ न गाळता. मायाप्पाकाका काठी टेकत आले. गिरिजाबाई आल्या. त्यांची सही अजून त्या कागदावर आहे. त्यांनी मूठभर माती टाकली आणि मग माझ्याकडे येऊन माझा पदर सारखा केला.

खड्डा मी मागच्या भिंतीपाशी घ्यायला सांगितला होता. पाळकसाहेबांनी विचारलं, इथेच का. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं, इथे माझ्या बहिणीची मुलगी आहे, मी पुरलेली, कुणाला न सांगता. आणि तिच्यासाठी कुणी वाचलं नाही. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं होतं, ते परत उघडलं. मुलीचं नाव काय, असं त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. ठेवलं असशील तर तुलाच ठाऊक. त्यांनी नावाची जागा मोकळी ठेवून वाचलं.

आज रविवार. संस्कृतीनं जायचं म्हटलं. मॅडमनी आराम करायला सांगितलं होतं, ऐकेना. रिक्षानं नेली. काही बायका तिच्या शेजारून उठून दुसऱ्या बाकावर गेल्या, हे मी तुला लपवत नाही. दोघी. बाकीच्या बसल्या. प्रभुभोजनाची वेळ झाली तशी ती उठली, हळू चालत वेदीपाशी गेली, गुडघे टेकता येईनात म्हणून उभीच राहिली. पाळकसाहेबांनी तिच्या हातावर भाकर ठेवली.

मी बाकावरच बसून राहिले. माझ्या ओळीतल्या सगळ्या उठून गेल्या, मला वळसा घालून. तुझ्या वेळी तू अशीच बसायचीस, पाय जरा आत घेऊन, लोकांना जायला जागा देत. मला ते तेव्हा दिसायचं. मी बघत नव्हते असं तुला वाटू नये.

उपासना झाल्यावर पाळकसाहेब माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, तुम्ही आला नाहीत."

मी त्यांना सांगितलं, माझं एका माणसाशी मिटलेलं नाही. ते न मिटवता वेदीपाशी यायचं नाही, असं आपणच दर वेळी वाचता.

ते म्हणाले, "तुम्ही पश्चात्ताप केलात. मी तुम्हाला मोकळं करू शकतो. मला तो अधिकार आहे."

मी म्हटलं, "तुम्हाला असेल. पण मी तुमचं काही बिघडवलेलं नाही."

तर पुढच्या रविवारपासून मी मागच्या बाकावर बसणार आहे, मायाप्पाकाकांच्या शेजारी. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून गीताचा क्रमांक त्यांच्या तळहातावर बोटानं लिहून दाखवीन. बरं पडेल तिथे. तू वर्षभर अशी बसलीस, आणि मग गेलीस. मी किती बसायचं ते पाळकसाहेबांनी ठरवायचं नाही. ते तू ठरवायचंस, आणि घाई करू नकोस.

अक्का